एंडेव्हरचा शेवटचा प्रवास: कोणी कोणी पाहिला होता?

कृष्णाकाठ (२ फेब्रुवारी २०२४)

सोमवारी रात्री उचलायला घेतलं आणि मंगळवारी, ३० जानेवारीला पहाटे नासाचं निवृत्त अंतराळयान, स्पेस शटल एंडेव्हर, एकदाचं उभं राहिलं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया सायन्स सेंटरमधे, दोन क्रेननी उचलून, नाक आकाशाकडे करून, इंधनाच्या मोठ्या नारिंगी टाकीला आणि दोन्ही बाजूंच्या बूस्टर रॉकेटना जोडून, अगदी उड्डाणाआधी लाँचपॅडवर असतं तसं. मी घरी लाइव्ह बघत होते, नवरा झोपला होता, आणि मला सारखा १३ ऑक्टोबर २०१२ चा शनिवार आठवत होता. म्हणून हा धागा.

तेव्हा आम्ही लॉस एंजेलिसजवळ हॉथॉर्नला राहायचो, सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. एंडेव्हर २१ सप्टेंबरला ७४७ विमानाच्या पाठीवर बसून इथल्या एलएएक्स विमानतळावर उतरलं होतं. त्या दिवशीही आम्ही गच्चीतून बघितलं, पण ते मिनिटाभरात गेलं, आईंना चष्मा सापडेपर्यंत संपलंसुद्धा. त्यांना फार चुटपुट लागली. म्हणून ते आता रस्त्यानं जाणार हे कळल्यावर मी ठरवलं की काही झालं तरी आईंना न्यायचंच.

विमानतळ ते सायन्स सेंटर १२ मैल. एरवी गाडीनं अर्धा तास. यानाला तीन दिवस लागले. शुक्रवारी १२ तारखेला मध्यरात्रीनंतर निघालं ते रविवारी १४ ला दुपारी पोचलं, ठरल्यापेक्षा सुमारे १७ तास उशिरा. वेग जास्तीत जास्त ताशी दोन मैल, म्हणजे आई सकाळी फिरायला जातात त्याहून कमी.

शनिवारी पहाटे पाचला थर्मासमधे चहा आणि डब्यात दशम्या घेऊन आम्ही इंगलवुडच्या फोरम स्टेडियमजवळ जाऊन उभे राहिलो. बऱ्याच ठिकाणी फुटपाथ अरुंद म्हणून लोकांना उभं राहू देत नव्हते, फोरमला मात्र मोकळी जागा होती. आधी दिसलं ते शेपूट. घरांच्या छपरांवरून पाच मजली उंच शेपूट हळूहळू सरकत येत होतं, खालचं काहीच दिसत नव्हतं, आणि माझ्या शेजारी एक आफ्रिकन अमेरिकन आजी नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या त्या "देअर शी इज, देअर शी इज" असं पुटपुटत होत्या. मग वळणावरून सगळंच्या सगळं यान आलं.

मला वाटलं होतं की ते पांढरंशुभ्र असेल, टीव्हीवर दिसतं तसं. तसं अजिबात नव्हतं. पोटाकडच्या, उष्णतेपासून वाचवणाऱ्या काळ्या टाइल्स एकसारख्या नव्हत्या, काही नव्या कुळकुळीत, काही भाजून राखाडी पडलेल्या. नाकापासून मागपर्यंत करपल्याचे ओघळ होते, पाणी वाहून गेल्यावर भिंतीवर राहतात तसे, फक्त आगीचे. आई बराच वेळ बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "पुरणपोळीच्या तव्याच्या बुडासारखं झालंय गं. लई वापरलेलं भांडं हाय हे." इतकी वर्षं मी एंडेव्हरबद्दल वाचलंय, पण याच्यापेक्षा खरं वर्णन मला कुठं मिळालेलं नाही. २५ वेळा अंतराळात जाऊन आलं होतं ते.

मग त्यांनी विचारलं, "आता हे परत उडायचं न्हाई?" मी म्हटलं नाही. तेव्हा त्यांनी हात जोडले. माझ्या शेजारच्या त्या आजींनी ते पाहिलं आणि त्यांनीही नातवाचे दोन्ही हात धरून जोडले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दशमी मात्र दोघींनी वाटून खाल्ली.

तुमच्यापैकी कोणी पाहिलं असेल तर लिहा ना. इथे किंवा दुसऱ्या गावात, कुठलंही शटल चालेल.

ह्यूस्टनकर

कृष्णाकाठ, वाचताना घशात आवंढा आला.

मी १९ सप्टेंबर २०१२ ला इथे ह्यूस्टनच्या एलिंग्टन फील्ड विमानतळावर होतो. एंडेव्हर फ्लोरिडाच्या केनेडी स्पेस सेंटरहून १७ तारखेला निघणार होतं पण हवामानामुळे दोन दिवस पुढे गेलं. १९ ला सकाळी खूप खालून शहरावर घिरट्या घालून उतरलं आणि रात्रभर राहिलं. हजारो लोक रांगेत होते, त्यात जॉन्सन स्पेस सेंटरमधे आयुष्य घालवलेले किती तरी. माझ्या पुढे एक निवृत्त गृहस्थ होते, ते शटलच्या मिशन कंट्रोलमधे कामाला होते. त्यांनी एंडेव्हर कधी इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. काम सगळं ह्यूस्टनला पण यान फ्लोरिडाला, यांच्या वाट्याला फक्त आकडे आणि आवाज. ते रांगेत एक शब्द बोलले नाहीत, जवळ गेल्यावर टोपी काढली आणि तसेच उभे राहिले.

आम्हाला शटल मिळालं नाही याचं दुःख इथे अजून आहे. १२ एप्रिल २०११ ला, पहिल्या शटल उड्डाणाला ३० वर्षं झाली त्याच दिवशी, नासानं कुठलं यान कुणाला ते जाहीर केलं आणि त्यात ह्यूस्टनचं नाव नव्हतं. ज्या गावाचं नाव चंद्रावरून पहिल्यांदा उच्चारलं गेलं त्या गावाला नाही. लॉस एंजेलिसचा हक्क मी नाकारत नाही, एंडेव्हर तिकडेच पामडेलला जोडलं गेलं, ते माहेरी गेलं म्हणायचं. पण तरी.

आमच्याकडे जे विमान आलं ते मात्र लिहायलाच हवं. एंडेव्हरला पाठीवर घेऊन जाणारं ७४७, नासा ९०५. ते आधी अमेरिकन एअरलाइन्सचं प्रवासी विमान होतं, १९७४ मधे नासानं घेतलं. २०१४ मधे तेही सुटं करून रस्त्यानं स्पेस सेंटरला आणलं, परत जोडलं आणि त्याच्या पाठीवर शटलची पूर्ण आकाराची प्रतिकृती बसवली. त्याची मिरवणूक बघायला लॉस एंजेलिसच्या मानानं काहीच गर्दी नव्हती. मी मुलाला घेऊन गेलो होतो. ज्यानं सगळ्यांना घरी पोचवलं त्याला निरोप द्यायला आपण नाही जायचं तर कोणी?

रानजाई

लेख छान आहे, आईंचं वाक्य तर फारच. पण झाडांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

मी तेव्हा इंगलवुडच्या शेजारीच भाड्यानं राहत होते. या यानाला वाट करून द्यायला सुमारे ४०० झाडं तोडली गेली. ज्या रस्त्यावर तुम्ही उभ्या होतात त्याच रस्त्यांवरची. हा भाग श्रीमंत नाही, सावली कमीच. मोठी झाडं वाढायला ३०-४० वर्षं लागतात, आणि करवतीला एक दुपार पुरली. लोकांनी सभांमधे जाऊन भांडण केलं होतं, ते काही अंतराळाच्या विरोधात नव्हते, म्हणणं एवढंच होतं की आमच्या दारातली झाडं आम्हाला विचारून तोडा.

हेही सांगते की भांडल्याचा उपयोग झाला. एकाला दोनपेक्षाही जास्त, हजाराच्या वर नवी झाडं लावायची आणि सांभाळायची असं सायन्स सेंटरनं कबूल केलं. मार्टिन ल्यूथर किंग बुलेव्हार्डवरचे डॉ. किंग यांच्या स्मरणार्थ लावलेले पाइन वृक्ष वाचवले. उशीर झाला त्याचं एक मोठं कारण तेच, त्या झाडांतून इंच इंच वाट काढत जावं लागलं. मला तो १७ तासांचा उशीर सगळ्या प्रवासातला सगळ्यात चांगला भाग वाटतो.

पाना_पकड

रानजाई ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, मी फक्त दुसरी बाजू सांगतो कारण माझं कामच हे आहे. मी पिंपरीत हेवी लिफ्टिंगमधे आहे, ओडीसी म्हणजे रस्त्याच्या मापात न बसणारा माल हलवायचा. ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, साखर कारखान्याचे पॅन, सगळं नेलंय.

लोक विचारतात पंख काढून का नाही नेलं. पंख काही असे लावलेले नाहीत की स्पॅनर घेतला आणि सोडवले. वरून सगळ्या टाइल्स चिकटवलेल्या, २० हजारांहून जास्त, प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीवर नंबर. कापायला घेतलं असतं तर मग म्युझियममधे ठेवायला जे राहिलं असतं ते यान नव्हतं. आणि हायवेनं नेता येत नाही कारण पूल आडवे येतात, शेपूट ५७ फूट उंच. म्हणजे राहिले शहरातले रस्ते. लांबी १२२ फूट, पंखांची रुंदी ७८ फूट, वजन पाऊणशे टनांच्या वर. वजन आमच्यासाठी काहीच नाही, याच्या चौपट आम्ही नेतो. खरी डोकेदुखी रुंदीची.

आमच्याकडे ओडीसी निघाला की ट्रेलरवर एक पोरगा लांब बांबू घेऊन बसतो, तारा आल्या की बांबूनं उचलायच्या आणि ट्रेलर खालून काढायचा. तिथे त्यांनी विजेच्या तारा काढल्या, सिग्नलचे खांब काढले, दिवे काढले, आणि यान पुढे गेलं की मागची टीम परत लावत जात होती. रस्त्याखालच्या पाण्याच्या आणि गटाराच्या लाइन दबू नयेत म्हणून रस्त्यावर लोखंडी प्लेटा अंथरल्या. यान चार एसपीएमटीवर होतं. स्वतःच्या इंजिनवर चालणारे ट्रेलर, प्रत्येक चाक वेगळं वळवता येतं, त्यामुळे सरळ तर जाताच येतं पण तिरकं खेकड्यासारखंही जाता येतं. ड्रायव्हर केबिनमधे नसतो, रिमोट गळ्यात अडकवून शेजारून चालत असतो. क्रेनशॉ रस्त्यावर पंखाचं टोक आणि बिल्डिंगची भिंत यात काही इंचांची फट राहिल्याचे फोटो आहेत. तो फोटो मी आमच्या साइट ऑफिसात लावलाय. नवीन पोरं आली की आधी तो दाखवतो.

आणि मँचेस्टर बुलेव्हार्डचा पूल. ४०५ हायवेवरचा. तिथे एसपीएमटीसकट वजन पुलाला चालणार नव्हतं, म्हणून यान एका वेगळ्या डॉलीवर चढवलं जिच्यात वजन जास्त पसरतं, आणि ती डॉली ओढली एका साध्या टोयोटा टुंड्रा पिकअपनं. कंपनीनं त्याची जाहिरात केली ते सोडा, पण तंत्र खरं आहे. चाकांचं घर्षण कमी असेल, रस्ता सपाट असेल आणि घाई नसेल तर ओढायला ताकद फार लागत नाही, हलवायची पहिली हिसकी तेवढी जपायची. ती टुंड्रा आता सायन्स सेंटरमधेच ठेवलीय.

पोटोमॅक_किनारी

मी इथे वॉशिंग्टनला डिस्कव्हरी शटल पाहिलं. १७ एप्रिल २०१२, मंगळवार. ऑफिसच्या गच्चीवर सगळे चढलो होतो, अगदी डायरेक्टर सुद्धा. नॅशनल मॉलवरून ते ७४७ इतक्या खालून गेलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. ३९ उड्डाणं केलेलं यान, सगळ्यांत जास्त.

दोन दिवसांनी उड्वार हेझी म्युझियमला रजा टाकून गेले. तिथे आधीपासून एंटरप्राइज होतं, अंतराळात कधीच न गेलेलं, फक्त हवेतून खाली उतरण्याच्या चाचण्यांसाठी बनवलेलं. ते न्यूयॉर्कला जाणार आणि त्याच्या जागी डिस्कव्हरी येणार. दोघांना नाकासमोर नाक करून उभं केलं होतं. एकाची कातडी करपलेली, दुसऱ्याची गुळगुळीत. मला एंटरप्राइजकडेच जास्त बघावंसं वाटलं. त्याच्यावर सगळे शिकले आणि ते मात्र कधी वर गेलंच नाही.

न्यूयॉर्कलाही त्याचं सुखाचं झालं नाही. जून २०१२ मधे बार्जवरून पाण्यातून नेताना वाऱ्याच्या झोतानं पंखाचं टोक रेल्वे पुलाला घासलं. लगेच दुरुस्त करून इन्ट्रेपिड या जहाजाच्या डेकवर चढवलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधे सँडी वादळानं वरचा तंबू फाडला.

माझगाव

हा धागा वाचून मला जे आठवलं ते यानाचं नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आयएनएस विक्रांत. १९९७ च्या जानेवारीत नौदलातून निवृत्त झाली, मग मुंबईत म्युझियम म्हणून होती. मी सहावीत असताना वडलांनी बोटीनं नेलं होतं. डेकवर उभं राहिलो तर समोर सगळी मुंबई. वडील डॉकमधे फिटर होते, ते मला लोखंडावर हात ठेवायला लावायचे, "१९७१ ला हिच्यावरून विमानं उडाली" म्हणायचे. २०१२ मधे तिथे जाणं बंद झालं कारण बोट धोकादायक झाली होती, आणि २०१४ मधे ती भंगारात गेली. दारूखान्याला तोडली. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. वडील एकदा बघायला गेले, परत आल्यावर जेवले नाहीत.

रानजाई, तुम्ही झाडांसाठी भांडलात ते योग्यच. पण एखादी वस्तू ठेवायचीच असं ठरवून एक अख्खं शहर तीन दिवस रस्ते बंद ठेवतं, खांब काढतं, परत लावतं, हे वाचून मला हेवा वाटतो. विक्रांतच्या लोखंडातून पुढे मोटरसायकल काढली होती, वडलांनी ती घेतली. अजून चालवतात. पुसताना टाकीवरून हात फिरवतात तो तसाच, डेकवर फिरवायचे तसा.

नववी_ब

माझगाव, तुमच्या वडलांना माझा नमस्कार सांगा.

काल १ फेब्रुवारी झाली. २००३ ला मी नववीत होते, शनिवार होता, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला टीव्हीवर कोलंबियाची बातमी आली. आमच्या वर्गात कल्पना चावलाचा फोटो फळ्याच्या वर लावलेला होता, सोमवारी बाईंनी तो काढला नाही, हार घातला नाही, तसाच ठेवला. म्हणाल्या, ती जिथे होती तिथेच राहील. आता मी स्वतः शिक्षिका आहे, सांगली जिल्ह्यात, माझ्याही वर्गात तो फोटो आहे.

कोलंबियाच्या डाव्या पंखाला उड्डाणाच्या वेळी टाकीवरच्या फोमचा तुकडा लागला आणि परत येताना तिथून आग आत शिरली. कृष्णाकाठताई, तुम्ही ज्या नारिंगी टाकीबद्दल लिहिलंत, सायन्स सेंटरमधली, ती ईटी-९४. ती कधी उडाली नाही. कोलंबियाच्या तपासासाठी तिच्याच फोमचे तुकडे कापून घेतले होते. नंतर ती लुइझियानाहून समुद्रमार्गे, पनामा कालव्यातून कॅलिफोर्नियाला आणली आणि मे २०१६ मधे तीही रस्त्यानंच नेली. म्हणजे आता एंडेव्हर ज्या टाकीला टेकून उभं आहे ती कोलंबियाचं काय झालं ते सांगणारी आहे. मुलांना मी हे दरवर्षी सांगते.

आणि अजून एक. ज्या शनिवारी तुम्ही फोरमला उभ्या होतात त्या दिवशी वर अंतराळ स्थानकाची कमांडर कोण होती? सुनीता विल्यम्स. त्या स्थानकाचे पहिले दोन भाग डिसेंबर १९९८ मधे एंडेव्हरनंच तर जोडून दिले होते.

कृष्णाकाठ

नववी_ब, सुनीताचं मला माहीतच नव्हतं!! अंगावर काटा आला.

रानजाई, तुमच्याशी वाद नाहीच. मीही तेव्हा तोडलेले बुंधे बघितले होते, काही इतके ताजे की चीक वाहत होता. तुमची पोस्ट वाचून काल संध्याकाळी मुद्दाम क्रेनशॉवरून गाडी नेली. आता तिथून के लाइन मेट्रो जाते, २०२२ ला सुरू झाली, काही भागात रस्त्याच्या मधोमध रूळ आणि वर विजेच्या तारा. आज तिथून ते यान नेताच आलं नसतं. तेवढ्या एका काळात ती वाट मोकळी होती.

मला त्या भागाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. क्रेनशॉ आणि इंगलवुडमधे तेव्हा आफ्रिकन अमेरिकन वस्ती मोठी. सप्टेंबर १९९२ मधे मे जेमिसन अंतराळात गेली, जाणारी पहिली कृष्णवर्णीय बाई, ती गेली एंडेव्हरमधून. माझ्या शेजारच्या त्या आजींनी मला हेच सांगितलं होतं. लाँच बघायला फ्लोरिडाला जाणं त्यांना कधी जमलं नाही, विमानाचं तिकीट, हॉटेल, कुठून करणार. "मग तेच आलं", असं म्हणाल्या. नातवाचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. आता तेरा-चौदा वर्षांचा असेल.

ह्यूस्टनकर

एक भर घालतो. म्युझियममधल्या यानांच्या मागे जी इंजिनं दिसतात त्यांचे नॉझल प्रतिकृती आहेत. खरी इंजिनं नासानं काढून ठेवली, नव्या चंद्रमोहिमांसाठी. नोव्हेंबर २०२२ मधे आर्टेमिस १ उडालं ते शटलवर आधी उडालेल्या इंजिनांवरच. ती परत आली नाहीत, समुद्रात गेली. त्या रात्री मी जागा होतो.

पाना_पकड

कृष्णाकाठताई, उभं करतानाचं लाइव्ह मीही पाहिलं, इथे दुपार होती, सगळी साइट थांबवून पोरांना दाखवलं. आडवं उचलून हवेतच उभं करायचं, दोन क्रेन एकमेकींच्या लयीत चालल्या पाहिजेत, आणि वारा आला की सगळं थांबवायचं. एवढा पंख म्हणजे शिडच. शेवटचे काही फूट तर इतकं सावकाश की माझा हेड रिगर, ३० वर्षांचा अनुभव, म्हणाला "साहेब, श्वास तरी घेऊ द्या त्यांना". इमारत बांधून आत नेलं नाही, आधी यान उभं केलं आणि मग त्याच्याभोवती इमारत चढवायची, हा क्रम बरोबर आहे, आतून क्रेन चालवायला जागाच मिळाली नसती.

आईंना सांगितलं का?

कृष्णाकाठ

हो, आत्ताच साताऱ्याला फोन केला. आई आता ८१ वर्षांच्या आहेत, कानाला कमी ऐकू येतं, व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला. बराच वेळ फोन अगदी डोळ्यांजवळ धरून बघत होत्या, मला नुसतं कपाळ दिसत होतं. मग म्हणाल्या, "उभं केलं व्हय? बरं केलं. तवा तू म्हणाली हुतीस आता उडायचं न्हाई. पण ह्ये बघ, तोंड वर करून बसलंय."

माझगाव

फोटो वडलांना दाखवला. त्यांनी विचारलंय की हात लावू देतात का.

कृष्णाकाठ

माझगाव, यानाला नाही लावू देत. पण त्यांना सांगा, ते आले तर फोरमच्या त्या कोपऱ्यावर मी स्वतः घेऊन जाईन, आणि दशम्या मी करेन.